पडद्यामागची मार्था

हेटी ऑर्मरॉडचं लग्न कधी झालं नाही, पण कितीतरी वर्षं ती आपल्या सख्ख्या भावाची बायको होती. रोज संध्याकाळी, आणि शनिवारी दुपारीसुद्धा. टॅटरसॉलच्या नाटक कंपनीकडे ‘सांधेवाल्याची बायको’ हे एकच नाटक असं होतं, जे कुठल्याही गावात पडलं नाही. त्यातला सांधेवाला म्हणजे जेबेझ ऑर्मरॉड आणि त्याची बायको मार्था म्हणजे हेटी. जाहिरातीत दोघांचं आडनाव एक, त्यामुळे लोकांना ती खरीच नवराबायको वाटायची. मुक्कामाच्या गावी खोल्या देणाऱ्या बायका त्यांना एकच पलंग दाखवायच्या. मग जेबेझ टोपी काढून म्हणायचा, "बाई, हिचं नाक मी लहानपणी पुसलंय. आता दुसरी खोली नसेल तर मी जिन्यात झोपतो."

नाटक साधंच होतं. रेल्वेच्या केबिनमध्ये दांडा ओढून रुळांचा सांधा बदलणाऱ्या सांधेवाल्याला रात्रपाळीला झोप लागते, चुकीच्या रुळावर गाडी जाते, माणसं मरतात. मृत्यूंचा तपास करणाऱ्या कॉरोनरसमोर चौकशी होते. नवरा थिजल्यासारखा गप्प उभा, आणि बायको पुढे होऊन सांगते, "सांधा मी ओढला." त्याचा डबा घेऊन मी केबिनमध्ये गेले होते, तो खाली दिवे बघायला उतरला होता, घंटा वाजली आणि मी ओढला, असं रचून सांगते. तिथून पुढे हेटी बराच वेळ एकटी बोलायची. ओरडायची नाही. तिचा आवाज खालचा होता, जरा घोगरा, पण गॅलरीतल्या शेवटच्या बाकापर्यंत अख्खा पोचायचा. गिरणीतून थेट आलेल्या बाया शाली तोंडाशी धरून बसायच्या. जेबेझला त्या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं. तो नुसता तिच्याकडे बघत उभा राहायचा आणि पडदा पडल्यावर रोज म्हणायचा, "आजही तूच मला वाचवलंस गं बाई. चल, पोटात काही टाकू."

जेबेझ तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. छातीचा नाजूक, जिभेचा गोड. आईबाप नाटकातलेच, दोघंही लवकर गेले, तेव्हापासून ही दोघं एकमेकांना धरून होती. त्याला वेळेवर जेवू घालणं, त्याच्या छातीला हंसाची चरबी चोळणं, एन्ट्रीच्या आधी विंगेतून त्याला ढकलणं, हे सगळं हेटीकडे. हसवण्याचं काम त्याच्याकडे.

एकोणीसशे तेरा साली टॅटरसॉलने नाटकाचे चित्रपटाचे हक्क लंडनच्या एका कंपनीला दिले. नटमंडळींना त्याने हे ओल्डहॅमच्या मुक्कामात, प्रयोग संपल्यावर, रंग पुसता पुसता सांगितलं. जेबेझला कंपनीने मागितलं होतं. सांधेवाल्याच्या कामाला तोच हवा, म्हणाले.

"आणि मार्था?" जेबेझने विचारलं.

टॅटरसॉल आरशातून हेटीकडे न बघता म्हणाला, "मार्था त्यांनी ठरवलीय."

"मग मी पण जात नाही."

"जाशील," हेटी म्हणाली. "थंडीचे दिवस आलेत. काचेच्या घरात काम आहे, असं ऐकते. इथल्या या वाऱ्यापेक्षा तिथे बरा राहशील. आणि मी येतेच ना तुझ्याबरोबर. नाहीतर तुला मोजे कोण शोधून देणार?"

ते काचेचं घर, म्हणजे कंपनीचा स्टुडिओ, लंडनच्या उत्तरेला, जिथे वस्ती विरळ होऊन कोबीचे मळे लागतात तिथे होतं. वरून उजेडासाठी काचेचं छप्पर, आत सगळीकडे दोऱ्या आणि रंगवलेल्या भिंती. दिग्दर्शक लॉरिमर नावाचा उंच, मवाळ माणूस होता. हेटी आलेली बघून त्याला संकोच झाला. त्याने तिला एकदा कॅमेऱ्यासमोर उभं करून बघितलंही.

"मिस ऑर्मरॉड, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही शेवटच्या बाकासाठी काम करता. इथे शेवटचं बाक हे असं नाकासमोर आहे. आणि आवाज तर आम्हाला घेता येत नाही."

"मग त्या भाषणाचं काय करणार?"

"पडद्यावर लिहिलेली पाटी येईल. ‘सांधा मी ओढला.’ पुरे आहे."

"एवढंच?"

"लोक वाचून कंटाळतात हो."

नवी मार्था म्हणजे मिस आयव्ही डेलमार. विशीची पोरगी, मोठ्या डोळ्यांची. हेटीने तिचा द्वेष करायचं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही. पोरगी पहिल्याच दिवशी येऊन तिच्या शेजारी खोक्यावर बसली आणि म्हणाली, "मला रडूच येत नाही हो. समोर तो माणूस दळण दळल्यासारखा कॅमेऱ्याचा दांडा फिरवत असतो. तुम्हाला कसं यायचं?"

"मला कुठे यायचं? लोकांना यायचं."

"मला म्हणून दाखवाल?"

हेटीने बसल्या जागी, हातात जेबेझचा मोजा आणि सुई असताना, चौकशीच्या प्रवेशातली वाक्यं म्हटली. चौथ्या-पाचव्या वाक्याला मिस डेलमारचे डोळे भरून आले. लॉरिमर मागे उभा राहून बघत होता. त्या दिवसापासून हेटीला काम मिळालं. कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभं राहायचं आणि भाषण म्हणायचं, म्हणजे पोरगी रडेल. हेटी रात्री बिऱ्हाडी जेबेझला म्हणाली, "आयुष्यभर कमावलेला आवाज, आता कांद्याच्या कामाला लागला."

जेबेझ इतका हसला की त्याला ठसका लागला.

डिसेंबरमध्ये अपघाताचा प्रवेश घेतला. बाहेरच्या मोकळ्या जागेत रूळ टाकले होते, मातीचा भराव उभा केला होता. पावसासाठी आग विझवण्याचा बंब आणला होता. सांधेवाला केबिनमधून धावत येतो आणि मोडलेल्या डब्याशी गुडघ्यांवर पडतो, एवढंच होतं. पहिल्यांदा पाणी कमी पडलं. दुसऱ्यांदा जेबेझची टोपी उडाली. तिसऱ्यांदा सगळं जमलं, पण दांडा फिरवणाऱ्याने सांगितलं की फिल्म आत अडकली होती. मग पुन्हा. हेटी घोंगडी घेऊन उभी होती. दर वेळी ती पुढे व्हायची आणि लॉरिमर हात वर करायचा, "नको नको, त्यांना कोरडं करू नका. लगेच चौकशीचा प्रवेश घेऊ. त्यात ते ओलेच हवेत. उजेड जाईल आता."

नाटकातही सांधेवाला चौकशीला ओलाच यायचा. पण नाटकात विंगेतल्या बादलीतून हेटी त्याच्या केसांवर ओंजळभर कोमट पाणी शिंपडायची, तेवढ्यावर भागायचं.

काचेच्या घरात त्याला उभं केलं. पाण्याची चमक दिसावी म्हणून दर वेळी वरून झारीने पाणी ओततच होते. आधी मिस डेलमारचा चेहरा घेतला. मग कॅमेरा वळवून जेबेझवर आणला, अगदी जवळ.

"मी काय करू?" जेबेझने विचारलं.

"तुम्ही फक्त बायकोकडे बघा. ओठ हलू द्या. काहीतरी बोलायचंय पण बोलवत नाही, असं. काहीही म्हणा, ऐकू थोडंच येणार आहे? मिस ऑर्मरॉड, तुम्ही भाषण चालू ठेवा. त्यांना तुमच्याच आवाजाची सवय आहे."

हेटी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि तिने भाषण सुरू केलं. जेबेझ तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. किती छान करतोय, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत तो असा कधीच उभा राहिला नव्हता. त्याच्या त्या करण्याने तिलाही चेव चढला आणि तिने आवाज लावला, भरलेल्या थिएटरात लावायची तसा. काचा थरारल्या. दांडा थांबल्यावर सुतारांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"वा!" लॉरिमर म्हणाला. "आणखी एकदा घेऊ. खात्रीसाठी."

त्या रात्री जेबेझला थंडी भरून आली. हेटीने चरबी चोळली, गरम विटा फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवल्या, रम पाजली. दोन दिवस त्याने थट्टा केली, मग थट्टा बंद झाली. फुप्फुसं धरली होती. आठवडा संपायच्या आत तो गेला. शेवटी शेवटी त्याला शुद्ध नव्हती, त्यामुळे जाताना काही बोलला वगैरे नाही.

लंडनलाच, अनोळखी माणसांच्या शेजारी, त्याला पुरला. लॉरिमर आला होता. टोपी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मिस डेलमार रडली, त्या दिवशी कोणी काही म्हटलेलं नसतानाही.

हेटी गिरण्यांच्या मुलखात, लँकेशायरला परतली तेव्हा टॅटरसॉलने दुसरा सांधेवाला बघून ठेवला होता. पण प्रयोगच मिळेनात. प्रत्येक थिएटरवाला म्हणे, चित्रपट येतोय ना याचा, मग थोडं थांबू. वसंतात कंपनी मोडली. कोणी कुठे, कोणी कुठे गेलं. हेटीने बर्नलीत गिरणीमागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि दोन-तीन मुलींना कविता म्हणायला शिकवायचा प्रयत्न केला. मुली यायच्या, शेकोटीजवळ बसायच्या आणि पुढच्या आठवड्यात यायच्या नाहीत. त्या खोलीत ती जेबेझच्या कोटाशी बोलायची, असं शेजारीण सांगायची. खरंखोटं कोण जाणे.

मग हॅवर्थ आला. एम्प्रेस नावाचं चित्रपटगृह त्याचं. पूर्वी तो कोळशाचा व्यापारी होता, त्यामुळे अजूनही दारातून आत येण्याआधी बूट झटकायचा.

"मिस ऑर्मरॉड, तुमच्या त्या नाटकाचा चित्रपट मी लावतोय. लोक म्हणतात, मुक्याचं नाटक काय बघायचं? तुम्ही पडद्यामागे उभं राहून मार्थाची वाक्यं म्हणा. माझा दरवान डॉब्सन पुरुषांची म्हणेल, फौजेतला आहे, आवाज खणखणीत आहे. बाहेर पाटी लावतो, ‘खरी मार्था, हेटी ऑर्मरॉड यांचा आवाज’. काय म्हणता?"

हेटीने विचारलं, "माझा भाऊ त्यात दिसतो?"

हॅवर्थ गोंधळला. त्याला हे माहीतच नव्हतं. "सांधेवाला का? म्हणजे... हो. दिसतात. चांगले दिसतात."

"मग येते."

पडदा म्हणजे चुना दिलेलं मोठं कापड. मागे अंधारात हेटी आणि डॉब्सन उभे. चित्र त्यांना कापडातून उलटं दिसायचं, डावं उजवीकडे. पहिल्या दुपारी दिवे गेले, यंत्र खडखडू लागलं आणि कापडावर जेबेझ आला. केबिनच्या पायऱ्या चढत, हातात कंदील. हातभर अंतरावर, दुप्पट मोठा. हेटीने कापडाला हात लावला. मग मिस डेलमार आली, तिचे ओठ हलले आणि हेटीने तिच्या तोंडात आवाज घातला.

लोकांना ते फार आवडलं. संध्याकाळपर्यंत बाहेर रांग लागली. चौकशीच्या प्रवेशाला तर हेटीने पाटीची वाटच बघितली नाही. मिस डेलमार नुसती रडत होती, तिच्या रडण्यावर हेटीने सगळं भाषण म्हटलं. मग जेबेझचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आला, केसांतून पाणी गळतंय, ओठ हलतायत, आणि हेटी त्याच्यासमोर, एवढ्याशा अंतरावर, त्याला वाचवत बोलत राहिली.

"तुमचा भाऊ नट होता बाकी," डॉब्सन म्हणाला. "अशी थंडी मी फौजेत पहाऱ्यावर पाहिलीय. खोटी वाटतच नाही."

तीन-चार दिवस असे गेले. हेटीला भूक लागू लागली. रोज त्याला भेटायला जायचं आहे, असं तिला सकाळी उठल्यावर वाटायचं.

गुरुवारी दुपारच्या खेळानंतर मागच्या दारापाशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावरून शाल, पायात लाकडी तळाचे बूट, केसांत कापसाचे तंतू. विणकरीण. नाव मर्सी ग्रिमशॉ. आधी तिचं नुसतं तोंड हलत होतं, मग एकदम आवाज आला, तोही जास्त मोठा.

"तूच का गं हेटी?"

"हो. काय हवंय?"

"म्हणजे तुझंच नाव ते. आम्ही बाहेरची पाटी वाचली आणि मी आमच्या बायांना म्हटलं, बघा, सांगत नव्हते? त्या बाईचं नाव मार्था आहे, हा हेटी कुणाला म्हणतोय?"

"कोण म्हणतोय?"

"तो सांधेवाला. तो ओला माणूस."

हेटीला कळेना. मर्सीने तिच्याकडे बघितलं, मग हात पुसावेत तसे शालीला पुसले. "तू गिरणीतली नाहीस, नाही का? अगं, आत विणायच्या मागांचा एवढा धडाका असतो की बोललेलं काही ऐकू येत नाही. आम्ही सगळ्या ओठांवरच वाचतो. त्या टोकाच्या बाईने काल रात्री नवऱ्याला काय सुनावलं ते मला या टोकाला कळतं. तुमच्या या मुक्या चित्रांत कोण काय बोलतं ते आम्हाला स्पष्ट दिसतं. ती तुमची रडणारी पोरगी आहे ना, ती एकदा म्हणते, बूट चावतोय मेला. आमची अख्खी रांग हसली."

हेटीने दाराची चौकट धरली. "तो काय म्हणतो?"

"ते काय गं, सोड."

"काय म्हणतो तो?"

"तुझा कोण तो?"

"भाऊ. गेला. ते चित्र घेतल्यावर आठवड्यात गेला."

मर्सीचा चेहरा पडला. ती वळून जायला लागली. हेटीने तिची शाल धरली. रस्त्यातून जाणारे बघायला लागले. शेवटी मर्सी भिंतीकडे तोंड करून, आता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणतो, हेटी, पाणी थांबवायला सांग गं यांना. माझ्या छातीत धरलंय. मग म्हणतो, हेटी, थांब ना जरा, ऐक ना. असं दोनदा म्हणतो. मग चित्र बदलतं."

मर्सीने तिला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं, समोर वाटाणे आणि चहा ठेवला. हेटीने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि तसाच ठेवून दिला.

"मी बोलत होते," ती म्हणाली. "त्याच्या समोरच उभी होते. मी एवढ्या मोठ्याने बोलत होते की..."

"तुला काय माहीत असणार?"

"त्याला वाटलं असेल, मला ऐकू जातंय."

शुक्रवारी दुपारी तिने हॅवर्थला घसा बसल्याचा निरोप पाठवला आणि शालीत तोंड लपवून मर्सीच्या रांगेत जाऊन बसली. डॉब्सन एकटाच सगळ्यांची वाक्यं म्हणत होता, मार्थाची सुद्धा. लोक हसत होते. चौकशी आली. जेबेझचा चेहरा आला, आज सुलटा. मर्सीने तिचा हात धरला आणि त्याचे ओठ हलतील तसे शब्द तिच्या कानाशी ठेवले. हेटीने सगळं बघितलं. एकदा सांगितल्यावर ते इतकं उघड होतं की आधी दिसलं कसं नाही, असं वाटावं.

संध्याकाळी ती पडद्यामागे आपल्या जागी हजर होती. हॅवर्थने आत डोकावून विचारलं, "घसा बरा आहे ना? बाहेर उभं राहायला जागा नाही."

"बरा आहे."

तिने पहिल्यापासून सगळं नीट म्हटलं. नवऱ्याला डबा देताना, त्याच्यावर चिडताना, अपघाताचा आवाज ऐकून धावताना. चौकशीत मिस डेलमार उभी राहिली. "सांधा मी ओढला," हेटी म्हणाली. पुढची वाक्यंही म्हणाली. मग पडद्यावर जेबेझ आला, आणि ती थांबली.

डॉब्सनला वाटलं विसरली. त्याने वाक्य सुचवायला सुरुवात केली, तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. पियानोवाली बाई काही वेळ वाजवत राहिली, मग तिचाही हात अडखळला. नुसतं यंत्र खडखडत होतं. वरच्या बाकांवरून कोणीतरी शिट्टी मारली, "अहो बाई, झोपलात काय?" तेवढ्यात खालच्या रांगांतून एकदम दहा-बारा बाया उसळल्या, "गप्प बस रे मेल्या! तो बोलतोय!" मग कोणी काही बोललं नाही. मागून हेटीला दिसत होतं, तो म्हणाला, हेटी. तो म्हणाला, ऐक ना. तिने कापडाला कान लावला होता, असं डॉब्सन नंतर सांगायचा.

खेळ सुटल्यावर हॅवर्थ मागे आला. रागावण्यापेक्षा तो घाबरलेला जास्त दिसत होता.

"काय झालं काय? ऐन वेळी?"

"तो बोलत होता, साहेब. त्याच्या मध्ये मी कशी बोलू?"

"कोण बोलत होता? अहो, मूकपट आहे हा!"

"हो," हेटी म्हणाली.

हॅवर्थने डॉब्सनकडे बघितलं, डॉब्सनने छताकडे. "मिस ऑर्मरॉड," हॅवर्थ म्हणाला, "तुम्हाला त्रास होतोय हे दिसतंय मला. पण लोक आवाजासाठी येतात. उद्या बोलाल का सगळं?"

"बाकीचं बोलेन. तेवढं नाही."

"मग उद्या येऊ नका तुम्ही." हे तो जड मनाने म्हणाला, पण म्हणाला. शनिवारी पाटी उतरवली होती. रविवारी चित्रपटाचे डबे स्टेशनवर गेले, पुढच्या गावाला. हेटी मर्सीबरोबर स्टेशनपर्यंत गेली होती. पत्र्याचे ते चपटे डबे हमालाने मालडब्यात इतर सामानावर टाकले.

मर्सीने तिला गिरणीत लावून घेतलं. आधी झाडू मारायला, मग मर्सीच्या मागांवर हाताखाली. चाळिशी उलटलेल्या बाईला विणकाम शिकवणं सोपं नव्हतं. बोटं कापली, यंत्राच्या पट्ट्याने एकदा बाही ओढली, थोडक्यात वाचली. कापसाची धूळ घशात बसली आणि तो खालचा, घोगरा आवाज वर्षभरात नुसता घोगरा झाला. तिने त्याची खंत केली नाही. तिचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. ती बायांच्या तोंडांकडे बघत बसायची. पहिल्यांदा तिला फक्त नावं कळायला लागली, मग शिव्या, मग चहाच्या सुट्टीतली उणीदुणी. "नटीबाई शिकली गं," बाया एकमेकींना सांगायच्या, आणि आता तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायच्या बंद झाल्या.

लढाई सुरू झाली. गल्लीतले पुरुष गेले, बरेचसे परत आले नाहीत. मर्सीचा मोठा मुलगाही गेला. तो मेल्याची तार आली त्या दिवशी मर्सी मागापाशी उभी राहून काहीतरी बोलत होती. कुणाला उद्देशून नाही. हेटीने ते वाचलं आणि तोंड फिरवलं.

सोळा सालच्या हिवाळ्यात कुणीतरी बातमी आणली की शेजारच्या नेल्सन गावातल्या एका जुनाट चित्रपटगृहात ‘सांधेवाल्याची बायको’ लागलाय, तीन दिवसांसाठी. हेटी आणि मर्सी शनिवारी दुपारी ट्रामने गेल्या. हॉल थंड, बाकं फाटलेली, बायका आणि म्हातारी माणसं तेवढी. फिल्म घासून घासून झिजली होती. चित्रभर पाऊस पडल्यासारख्या रेघा, मध्येच धक्का बसून माणूस दारातून एकदम खुर्चीत.

आता तिला मर्सीची गरज नव्हती. सुरुवातीचा जेवणाचा प्रवेश आला. पाटीवर लिहून आलं की, नवरा सांगतो, मार्था, या रात्रपाळीने माझा जीव जातोय. जेबेझने चमचा खाली ठेवला, मिस डेलमारच्या डोळ्यांत बघितलं आणि हेटीने वाचलं, "पोरी, हा बटाटा कच्चा आहे. थुंकता येत नाही आणि गिळवत नाही. माझी बहीण तिकडे उभी राहून हसतेय, तिला सोडणार नाही मी."

हेटी खळखळून हसली. मर्सीही हसली. पुढच्या बाकावरची म्हातारी डोळे पुसत होती, ती रागाने वळली, "लाज नाही का वाटत? माणूस मरणाच्या गोष्टी बोलतोय!"

पुढे केबिनच्या पायऱ्यांवर तो दोनदा "बाप रे गुडघा" म्हणाला. धावताना काहीच म्हणाला नाही. हेटी पुढे सरकून बसली. तिने ठरवलं होतं की आज त्याचा एकही शब्द सोडायचा नाही. बहुतेक आणखीही काही तो बोलला असेल, मर्सीच्या नजरेतून सुटलेलं, किंवा तिने मुद्दाम न सांगितलेलं.

मिस डेलमार उभी राहिली. पाटी आली, "सांधा मी ओढला." मग एक धक्का बसला, पांढरं झालं, आणि एकदम शेवटचा प्रवेश, तुरुंगाचं दार.

हेटी उठली आणि पायऱ्या चढून यंत्राच्या खोलीपाशी गेली. आत एका पायाने अधू असा तरुण माणूस होता. "तो चेहरा कुठे गेला?" तिने विचारलं. तिचा आवाज त्याला नीट ऐकूच गेला नाही, तिला पुन्हा विचारावं लागलं.

"कुठला चेहरा, बाई?"

"चौकशीत. नवऱ्याचा."

"आमच्याकडे आला तेव्हाच नव्हता. या फार फिरलेल्या प्रती असतात. तुटतं, मग तेवढं कापून जोडतात. कुठल्या गावात तुटलं, कोण सांगणार?"

"कापलेलं काय करतात?"

"टाकतात," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून पुढे म्हणाला, "पेटतं फार लवकर ते. ठेवता येत नाही."

हेटी खाली आली. मर्सी शाल घेऊन दाराशी उभी होती. ट्राम यायला वेळ होता. बाहेर बारीक बर्फ पडत होतं आणि दोघी भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या.

"तू मला सगळं सांगितलं होतंस ना?" हेटीने विचारलं. तिने ते आवाज न करता, गिरणीतल्यासारखं विचारलं.

मर्सीने आधी रस्त्याच्या पलीकडे बघितलं. मग तिनेही तसंच, नुसत्या ओठांनी उत्तर दिलं, "शेवटी त्याने तोंड जरा फिरवलं होतं. मला दिसलं नाही."

हे खरं की खोटं, हेटीने विचारलं नाही. ट्राम आली, दोघी चढल्या. त्यानंतर हेटी पुष्कळ वर्षं जगली, कानांनी जवळजवळ बहिरी होऊन, गिरणीतच. चित्रपट पुन्हा कधी कुठे लागल्याचं कुणी ऐकलं नाही.